सुटायला ६० दिवस, काढायला ७: फ्रीलान्स करारातली नोटीस आणि 'सलग' काम

तिरकी_मात्रा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी फ्रीलान्स बॅकएंडचं काम करते. क्लायंट परदेशी आहे, पण करार त्याच्याशी नाही. मधल्या भारतीय एजन्सीशी आहे आणि कराराला भारतीय कायदा लागू आहे. दर सहा महिन्यांनी नवा करार होतो. जुना संपला की पंधरा दिवस सक्तीची सुट्टी. तेवढ्यात लॉगिनसुद्धा बंद. मग तारखा बदलून तोच मजकूर परत सहीला येतो. असं चौथं वर्ष चालू आहे. टीम तीच, स्टँडअप (रोजची छोटी बैठक) तोच, बगसुद्धा बहुतेक तेच.

आता दुसरीकडून चांगलं काम आलंय. साधारण दीड महिन्यात सुरू करायचंय. एजन्सीला कळवलं तर उत्तर आलं की नोटीस ६० दिवसांची आहे, ती भरायची नसेल तर ६० दिवसांच्या बिलाइतकी भरपाई द्या, आणि हँडओव्हर (काम दुसऱ्याला नीट सोपवणं) पूर्ण झाल्याशिवाय शेवटचं इन्व्हॉइस पास होणार नाही. त्यांनी मला काढायचं झालं तर मात्र ७ दिवस पुरतात.

ही ६० दिवसांची नोटीस खरंच बंधनकारक असते का? आणि इतकी वर्षं सलग काम केलं त्याचं काही पदरात पडतं का, ग्रॅच्युइटी वगैरे? की दर सहा महिन्यांनी पाटी कोरी?

रिकामा_लूप

काढायला ७ आणि सुटायला ६०! एजन्सीचं गणित पक्कं आहे. मी पुढची रांग धरून बसलोय, तज्ज्ञ येऊ द्या.

जुनं_खोड

मात्राताई, बंधनकारक आहे का ते नंतर बघू. आधी हे सांगा: त्या ६० दिवसांत एजन्सी तुम्हाला काम द्यायला बांधील आहे का? करारात शोधा, असेल तर एखाद्या कोपऱ्यात असेल.

नोकरीत नोटीस म्हणजे तेवढ्या दिवसांचा पगार. काम असो नसो, पगार पडतो. आपल्या धंद्यात पैसे मिळतात मंजूर टाइमशीटवर, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीवर. त्यांनी ७ दिवसांची नोटीस दिली आणि त्याच संध्याकाळी ॲक्सेस काढला, तर ते सातही दिवस शून्य तास, शून्य बिल. कागदोपत्री नोटीस मिळाली, हातात काही नाही. तुम्ही मात्र ६० दिवस दुसरीकडे हात घालायचा नाही आणि इकडे काम येईल का याची वाट बघायची.

म्हणून मी दिवसांच्या आकड्यावर कधी घासाघीस करत नाही. १५ असोत की ९०, नोटीस काळात काम दिलं नाही तरी किमान किती दिवसांचं बिल होणार, एवढी एक ओळ बघतो. ती नसेल तर लांब नोटीस तुमच्याच गळ्यात पडते.

आणि चालू करार संपतोय कधी? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शब्दाचा_पक्का

कुणी हे विचारत नाहीये म्हणून मी विचारतो. सही करताना ६० हा आकडा दिसला नव्हता का? आपण स्वतःला व्यावसायिक म्हणवतो, तासाचा दर नोकरदारापेक्षा जास्त घेतो, आणि निघायची वेळ आली की "हे बंधनकारक आहे का?" आमच्या टीममधला एकजण असाच मध्येच उठून गेला. मागच्यांनी रात्री जागून त्याचा कोड वाचला.

तिरकी_मात्रा

@शब्दाचा_पक्का, दिसला होता. मी पळून जात नाहीये, दीड महिना आधी सांगितलंय. भांडण उरलेल्या पंधरा दिवसांचं आहे.

@जुनं_खोड, सापडलं. मूळ इंग्रजीत आहे, सार देते: "एजन्सी कोणत्याही किमान कामाची हमी देत नाही. मोबदला केवळ क्लायंटने मंजूर केलेल्या टाइमशीटनुसार देय." नोटीसचं कलम असं: "सल्लागारास मुदतीपूर्वी करार संपवायचा असल्यास ६० दिवसांची लेखी पूर्वसूचना." शेवटची तारीख परिशिष्टात आहे, रात्री बघून सांगते.

काळा_कोट

वकिली करतो, बरीचशी कामं करारांचीच. तरी हा सल्ला नव्हे. कागद न वाचता छातीठोक बोलणाऱ्या वकिलापासून लांब राहावं.

दोन्ही बाजूंची नोटीस सारखी नाही म्हणून करार रद्द होत नाही. ६० आणि ७ चालतं. पण म्हणून ६० दिवसांचं बिल आपोआप त्यांच्या खिशात जातं असंही नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ बघा. करारात भरपाईचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. आता विचार करा, तुम्ही पंधरा दिवस आधी थांबलात तर एजन्सीचं बुडतं काय? क्लायंटकडून येणारे पैसे बुडतात, पण तुम्हाला द्यायचे पैसेही वाचतात. बुडतो तो मधला फरक, आणि बदली माणूस बसवायचा खर्च. तुमचं पूर्ण बिल हे त्यांचं नुकसान सहसा नसतं.

न्यायालय तुम्हाला धरून आणून काम करायला लावणार नाही, हेही खरं. ज्या कराराचं पालन माणसाच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असतं त्याची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, असं स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ चं कलम १४ सांगतं.

मात्र "भारतात असले बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायची अट) टिकतच नाहीत" हे जे सगळीकडे फिरतं, ते अर्धवट ज्ञान आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य धरली. तो माणूस नोकरीत होता, बँक सार्वजनिक क्षेत्रातली होती, भरतीची मोठी प्रक्रिया परत करावी लागते हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. तुमच्याशी जसंच्या तसं जुळत नाही, पण करार कायद्याचं कलम २७ (कामधंदा करण्यावर बंदी घालणारी अट रद्द ठरवणारं) दाखवलं की सुटलो असं कुणी समजू नये. कलम २७ चा खरा उपयोग करार संपल्यानंतरच्या बंदीविरुद्ध होतो. "पुढे वर्षभर या क्लायंटच्या स्पर्धकाकडे जायचं नाही" वगैरे.

ग्रॅच्युइटीवर वेगळं लिहितो, ते लांबेल.

दुसरी_बाजू

मी कंत्राटी लोक घेणाऱ्या बाजूला बसतो. आम्ही ६० दिवस का लिहितो तेही ऐका. भीती वाटते म्हणून. आणि ती भीती त्या ६० दिवसांनी जात नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आमच्या लीगलशी यावरून माझा वाद असतो.

एक प्रसंग. एक कंत्राटदार पूर्ण नोटीस भरून, केक कापून, रीतसर गेला. हँडओव्हरचं डॉक्युमेंटही दिलेलं, चांगलं लांबलचक. शुक्रवारी आयटीने त्याचं खातं बंद केलं. सोमवारी पहाटे रोजच्या सेटलमेंटच्या फाइल्स निघाल्याच नाहीत. शोधता शोधता दुपार. ज्या शेड्यूल्ड जॉबने त्या फाइल्स निघायच्या तो त्याच्या वैयक्तिक खात्याच्या टोकनवर, म्हणजे डिजिटल किल्लीवर, चालत होता. खातं गेलं, टोकन गेलं, जॉब गेला. डॉक्युमेंटमध्ये आर्किटेक्चरच्या आकृत्या होत्या, "हा जॉब माझ्या नावावर पळतो" हे एक वाक्य नव्हतं. त्याने लपवलं असं नाही. पहिल्या आठवड्यात सर्व्हिस अकाउंट (कुणा माणसाच्या नावावर नसलेलं खातं) मागितलं होतं, आम्ही दिलं नव्हतं. तो विसरला, आम्हीही विसरलो.

तेव्हापासून मी दिवस मोजत नाही. शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी त्या माणसाचं खातं एका दिवसापुरतं बंद करून बघतो. काय काय कोलमडतं ते त्याच दिवशी कळतं आणि दुरुस्त करायला तो समोर असतो. मग सर्टिफिकेट कुणाच्या ईमेलवर रिन्यू होतं, डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे, प्रॉडक्शनचा अलर्ट कुणाच्या फोनवर जातो, ही यादी आपोआप तयार होते. आमच्या लोकांना काम सलग चालायला हवं असतं, करारात मात्र माणूस बांधून ठेवायची कलमं घालतात.

@तिरकी_मात्रा, एजन्सीला हेच लिहून द्या. "अमुक तारखेला माझा ॲक्सेस बंद करून चाचणी घ्या." हँडओव्हर पूर्ण झाला की नाही हा वाद तिथेच संपेल.

रिकामा_लूप

हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या आयटीच्या भिंतीवर लावतो.

शब्दाचा_पक्का

दुसरी_बाजू यांच्याशी सहमत. पण चाचणी घ्यायलाही माणूस तिथे हजर लागतो की नाही?

काळा_कोट

आता 'सलग सेवा'.

ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा लागायची. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की ते वर्ष सलग धरलं जाई, आणि कामगाराची चूक नसताना पडलेला खंड सेवा तोडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. हे वाचून अनेक फ्रीलान्सरांना वाटलं की आपलंही भलं झालं. नाही झालं. दोन्हीकडे आधी 'कर्मचारी' असावं लागतं. इन्व्हॉइस देणारा, जीएसटी लावणारा माणूस कागदावर तरी कर्मचारी नाही.

"कागदावर तरी" म्हणालो, कारण न्यायालय कागदाच्या मागे जाऊन बघू शकतं. यावरचा जुना निकाल आयटीचा नाही, मिठागराचा आहे. धरांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५६. कच्छच्या छोट्या रणाजवळ अगरिया मीठ पिकवायचे. हंगामापुरतं काम, कंपनीने आखून दिलेला तुकडा, मणामागे ठरलेला दर. हजेरीपट नाही, कामाचे तास नाहीत, रजेचे नियम नाहीत. सोबत घरचे राबायचे, गरज पडली तर अगरिया आपल्या पैशाने मजूरही लावायचा. पावसाळ्यात आपापल्या गावी शेतीला. कंपनीचं म्हणणं, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. आजच्या फ्रीलान्स करारात जे जे लिहितात ते जवळपास सगळं तिथे होतं. तरी न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवलं. दोन गोष्टींना वजन मिळालं. वाफे खणण्यापासून मीठ तयार होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. आणि अगरिया स्वतः राबायला बांधला गेला होता. ठेकेदार काम करवून द्यायचं कबूल करतो, कामगार स्वतः करायचं कबूल करतो, असा तो फरक.

आता तुमचा करार उघडा. तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवायची मुभा आहे का? रोजचा स्टँडअप, क्लायंटचा लॅपटॉप, रजेसाठी मॅनेजरची परवानगी? हे जितकं जास्त, तितका तुमचा अगरिया झालेला. मात्र हे सिद्ध करायला भांडावं लागतं, आणि कायद्याच्या कुठल्या व्याख्येत बसता तेही ठरावं लागतं. चार वर्षांच्या ग्रॅच्युइटीसाठी ते परवडतं का, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर नाही.

धुकं_आणि_पाऊस

ब्रिटनमधून लिहिते. इथे नोकरदाराला वर्षागणिक एक आठवडा, कमाल १२ आठवडे अशी कायदेशीर नोटीस मिळते, त्यामुळे 'सलग' या गोष्टीला फार किंमत. कॉर्नवॉलच्या एका शिक्षिकेचा खटला प्रसिद्ध आहे. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांना घरी शिकवायची, प्रत्येक मुलाचं काम वेगळं, मध्ये रिकामे दिवस. कौन्सिलला पुढचं काम देणं बंधनकारक नव्हतं, तिला घेणंही नव्हतं. तरी २००६ मध्ये अपील न्यायालयाने दहा वर्षांचं काम सलग धरलं. मधले खंड तात्पुरते म्हणून सोडून दिले.

गंमत म्हणजे इथले आयटी कंत्राटदार याच्या अगदी उलट धडपडतात. २००० पासून आयआर३५ नावाचा करनियम आहे, आणि एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या आणि मध्यम कंपन्यांनाच ठरवावं लागतं की हा माणूस खरा कंत्राटदार आहे की वेषांतर केलेला नोकर. नोकर ठरलात तर नोकरदाराचा कर, पण नोकरदाराचे हक्क त्याच्यासोबत येतीलच असं नाही. म्हणून लोक मुद्दाम लिहून घेतात की काम द्यायचं बंधन नाही आणि घ्यायचंही नाही. नोटीस जितकी छोटी तितकी बरी.

त्यामुळे @जुनं_खोड, तुमची किमान बिलाची ओळ इथे लिहिली तर कर सल्लागार डोक्याला हात लावेल.

जुनं_खोड

मुद्दा बरोबर आहे. म्हणून ती ओळ कामाच्या हमीसारखी लिहायची नाही. "मुदतीआधी करार मोडल्यास इतकं शुल्क" अशी लिहायची. काम द्या म्हणत नाही, मोडायचा असेल तर मोडा, पण मोडण्याची किंमत ठरलेली. धंद्यातले करार असेच असतात. तरीही तुमच्याकडचा कायदा माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

सेमीकोलन

पंधरा दिवसांच्या सक्तीच्या सुट्टीमागचं कारण कुणी सांगितलं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८० च्या दशकात बरेच 'फ्रीलान्सर' वर्षानुवर्षं टीममध्ये बसून काम करायचे. आम्ही स्वतंत्र कंत्राटदार आहोत, लाभ मागणार नाही, अशी सहीही केलेली. मग अमेरिकेच्या कर खात्याने त्यांना कर्मचारी ठरवलं, १९९२ मध्ये शेअर योजनेवरून खटला झाला आणि २००० मध्ये कंपनीने ९.७ कोटी डॉलरला तडजोड केली. त्याच सुमारास कंपनीने नियम आणला की तात्पुरत्या माणसाने ३६५ दिवस काम केलं की १०० दिवस बाहेर. अशा सुट्ट्या कामाच्या सोयीसाठी नसतात, 'सलग' म्हणता येऊ नये म्हणून असतात.

तिरकी_मात्रा

बापरे, मीठ काय, कॉर्नवॉल काय! सगळं दोनदा वाचलं.

परिशिष्ट बघितलं. चालू करार पुढच्या महिन्याच्या शेवटी संपतोय, म्हणजे नवं काम सुरू व्हायच्या जेमतेम आधी. "आपोआप नूतनीकरण होणार नाही, परस्पर संमतीने नवा करार करता येईल" असंही आहे. एजन्सीच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पण आपलं तर चालूच असतं ना, दर वेळी रिन्यू होतंच."

जुनं_खोड

म्हणून तारीख विचारत होतो! तुमच्या कलमात "मुदतीपूर्वी" हा शब्द आहे. मुदत संपली की करार आपोआप संपतो, त्याला नोटीस लागतच नाही. शेवटच्या तारखेपर्यंत नीट काम करा, पुढच्या कागदावर सही करू नका. बस.

काळा_कोट

+१. एजन्सीला "चालूच असतं" असं म्हणायचं असेल तर चार वर्षांचं हे सगळं एकच सलग काम आहे असं त्यांना मांडावं लागेल. पंधरा-पंधरा दिवसांचे खंड त्यांनी नेमके ते नाकारण्यासाठी पाडलेत. त्यांचा वकील हे लेखी द्यायचा नाही, निश्चिंत राहा. मजकुरात आणखी कुठे "नूतनीकरण नको असल्यास अमुक दिवस आधी कळवावे" असं काही नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या. काही करारांत ते नोटीसच्या कलमात नसून मुदतीच्या कलमात दडलेलं असतं.

शब्दाचा_पक्का

ठीक आहे, माझा आक्षेप मागे. मुदतीपर्यंत काम करणार असतील तर शब्द पाळलाच. फक्त आजच लेखी कळवा, शेवटच्या दिवशी नको.

तिरकी_मात्रा

मुदतीचं कलम वाचलं, तसलं काही नाही. लेखी आज देतेय. ॲक्सेस बंद करून बघायची तारीखही सुचवतेय. राहिलं शेवटचं इन्व्हॉइस.

काळा_कोट

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का?

तिरकी_मात्रा

आहे. सीएने सुरुवातीलाच करून ठेवली होती, मी सर्टिफिकेट कधी उघडूनही पाहिलं नाही.

काळा_कोट

मग उघडा. लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६, कलम १५: करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे द्यायची मुदत सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सेवेत खोट आहे असं म्हणायचं असेल तर तेही १५ दिवसांत लेखी म्हणावं लागतं. मंजूर झालेली टाइमशीट म्हणजे स्वीकारलेली सेवा, असं तुम्ही म्हणू शकता. हँडओव्हर बाकी आहे म्हणून आधीच्या महिन्याचं मंजूर काम अडवणं अवघड जाईल. पहिल्या पत्रात व्याजाची धमकी देऊ नका, नुसता उद्यम क्रमांक इन्व्हॉइसवर छापा. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना तो बरोबर वाचता येतो. अशा पुरवठादाराचे पैसे या मुदतीत न दिल्यास तो खर्च आयकरात वेळेवर वजा मिळत नाही, ही भीती त्यांना असते.

हा कायदा परदेशी क्लायंटला लावता येत नाही, पण तुमचा करार भारतीय एजन्सीशी आहे हे इथे कामाला येतं.

रिकामा_लूप

माझा क्लायंट थेट परदेशी आहे आणि नोटीस मी त्याच्या मॅनेजरला चॅटवर दिली होती. त्याने अंगठा दाखवला. हे चालतं ना?

काळा_कोट

कराराच्या शेवटी 'नोटीस कशी द्यावी' असं कलम असतं, जे कुणी वाचत नाही. कुठल्या ईमेलवर, कुणाच्या नावे, पोहोचली कधी धरायची, सगळं तिथे असतं. तिथे ईमेल लिहिलं असेल तर चॅटवरचा अंगठा धरून बसू नका. आज परत ईमेल करा, जुन्या संदेशाची तारीख त्यात लिहा आणि "माझ्या मते नोटीस त्या दिवसापासून चालू आहे" असं म्हणा. त्यांनी हरकत घेतली तर आजपासून मोजायची तयारी ठेवा.

@तिरकी_मात्रा, तुम्हीही तो पत्ता तपासा. एजन्सीच्या बाईंना पाठवलेलं पत्र करारातल्या पत्त्यावर गेलंय का?

तिरकी_मात्रा

नाही गेलं. तिथे लीगलचा वेगळा ईमेल दिलाय. आत्ताच पाठवते, बाईंना सीसीत ठेवून.